एकोणिसावं प्रकरण

यादगिरी, तुझं पुस्तक आलं.
पोस्टमन म्हणाला, परदेशचं आहे, सही करा.
तंबाखूच्या बोटांनी केली.

प्रणिता रात्री वाचते,
इंग्रजीतून उचलून मराठीत ठेवते, अडली की तेलुगूत विचारते.
मी सूप मांडीवर घेऊन ऐकते.
तीनशे विड्यांत एक प्रकरण होतं.

गाव आपलंच आहे. नाव दुसरं दिलंस, पण
गिरणीचा भोंगा, मार्कंडेयाच्या देवळामागची मोरी,
शेंगाचटणीचा तो कोरडा ठसका,
लीड्सच्या थंडीत तुला इतकं कसं आठवलं की.
नळाच्या रांगेत तिसरी बादली आमची, असं लिहिलंस.
आमची पाचवी होती. असो.

नायनाला तू मोठा केलास.
पुस्तकात तो शाळेतल्या कॅम्पच्या दारात उभा राहतो,
डॉक्टरसमोर, फौजदारासमोर,
एक वाक्य बोलतो
आणि सगळा व्हरांडा गप्प होतो.
प्रणितानं ते वाक्य दोनदा वाचलं. तिच्या अंगावर काटा आला.
मला हसू आलं.
नायना एवढं लांब कधी बोलला रे?
मागाच्या खडखडाटात बहिरा झालेला माणूस,
घरीसुद्धा हातानंच बोलायचा.

मालकानं सांगितलं होतं, सर्टिफिकेट आणा, मगच पाळी.
अम्मा जाऊन तेव्हा तीन वर्षं झालेली.
बायको नसलेल्या माणसाची नसबंदी!
रांगेतले हसले, तोही हसला,
आणि आत गेला.
संध्याकाळी डालड्याचा डबा घेऊन आला, पाय फाकवून चालत.
दुखतंय का, विचारलं,
तर डब्याकडं बोट दाखवलं:
झाकण नीट काढ, कामाला येईल.

तुझ्या पुस्तकात त्या पैशांचा रेडिओ येतो,
त्यावर बातम्या लागतात.
बरं केलंस. वाचणाऱ्याला कळतं देशात काय चाललं होतं.
आपल्याकडं रेडिओ नव्हता, यादगिरी.
त्या पैशांची दयानंद कॉलेजची पावती आली,
तुझ्या नावाची.
नायनानं माझ्याकडं बघून दोन बोटं ओठांवर ठेवली.
अजून तिथंच आहेत ती.

चादरीच्या डिझाइनचे पुठ्ठे आठवतात?
नायना उजेडासमोर धरून दाखवायचा,
जिथं भोक तिथंच दोरा उचलतो, तिथंच मोर उठतो.
पुठ्ठ्यात मात्र मोर कुठंच नाही.
तुझा मोर ऐकते आणि
मला एकेक भोक ओळखू येतं.

कारखान्यात चेकर वाकड्या विड्या बाजूला काढतो.
छाट म्हणतात तिला.
छाटीचे पैसे देत नाहीत, विडीही परत देत नाहीत.
पाचवी बादली, डबा, पावती.
कुणी ओढली असेल रे ती?

आणि काल एकोणिसावं.
त्यात मी मरते.
प्रणिता थांबली. अव्वा, हे राहू दे, पुढचं वाचते.
वाच म्हटलं.

कर्फ्यूची रात्र, ताप,
सिव्हिलच्या वाटेवर टांगा,
टांग्यात भावाच्या मांडीवर माझं डोकं.
वेणीत अबोलीसुद्धा घातलीस.
सुंदर मेले मी.

रात्र खरी होती. ताप खरा होता.
टांगेवाल्यानं पैसे घेतले नाहीत, तेही खरं,
ते तुला कुणी सांगितलं?
फक्त टांग्यात तू नव्हतास.
तू पुण्याला होतास, परीक्षेला.
माझं डोकं लाकडी फळीवर आपटत होतं
आणि तरी मी जगले.

एवढ्यासाठी मारलंस होय मला,
एकदा मांडी द्यायला?

प्रणिता ओढणीनं डोळे पुसत होती.
उरलेली पानं तिनं चिमटीत धरून दाखवली,
अजून सहा प्रकरणं.
मी दोरा दातात धरला, विडीचं तोंड मुडपलं.
वाच गं, म्हटलं,
मी गेल्यावर त्या घरात
पहाटेचा चहा कोण ठेवतं,
ते तरी कळू दे.